किंग हेन्रीज रोडवरचा विद्यार्थी

मागच्या जुलैची गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मागच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसले होते. तेवढ्यात फोनवर कॉलेजचा ईमेल आला. कराराच्या कायद्याच्या पेपरात मला ३४ मार्क पडले होते. पास व्हायला ४० लागतात. डब्यातली मेथीची भाजी तशीच राहिली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नापास होणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. शाळेत नापास झालं तर घरचे ओरडतात. इथे ओरडायला कोणी नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर लंडनला आले. पंधरा वर्षं वेम्बलीतल्या एका कंपनीत पगारपत्रकाचं काम करते. गोदामात काम करणारी माणसं, त्यातली बरीचशी एजन्सीमार्फत आलेली, माझ्या टेबलाशी येऊन विचारायची. ताई, सुट्टीचे पैसे का कापले? आजारी पडलो तर काय मिळतं? कामावरून काढलं तर कुठे जायचं? आकडे मला सांगता यायचे, पण त्यांचा हक्क काय आहे ते सांगता यायचं नाही. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गांना नाव घातलं. कायद्याची पदवी, अर्धवेळ, चार वर्षं. संध्याकाळी सहा ते नऊ वर्ग, मग मेट्रोपोलिटन लाइनने घरी. पोहोचायला सव्वादहा. नवऱ्याने भात लावून ठेवलेला असतो, मुलगी झोपलेली असते.

दोन वर्षं हे असं ओढून नेल्यावर हे ३४ मार्क. मी ठरवलं, बास झालं. फेरपरीक्षेचा अर्ज भरायचाच नाही.

त्या शनिवारी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडायला चॉक फार्मला गेले. दोन तास काढायचे होते. पाय मोकळे करत चालताना किंग हेन्रीज रोड लागला आणि दहा नंबरच्या घरावरची निळी गोल पाटी दिसली. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर इथे १९२१-२२ मध्ये राहत होते, असं त्यावर लिहिलंय. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे आता संग्रहालय आहे, हे मला माहीत होतं. लंडनमध्ये इतकी वर्षं राहून मी कधी गेले मात्र नव्हते. त्या दिवशी पाटीवरच्या साली बघत उभी राहिले आणि मनात आलं, या दोन वर्षांत ते इथे नेमकं काय करत होते? उत्तर सोपं होतं. ते विद्यार्थी होते. चांगली प्राध्यापकाची नोकरी सोडून, बायको-मुलाला मुंबईत ठेवून, परत कॉलेजात आलेले विद्यार्थी.

एक कबुली आधी देते. मी ज्या गावात वाढले त्याच गावात बाबासाहेबांचं लहानपण गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव घातलं गेलं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्यांच्या आईचं निधन साताऱ्यातच झालं. पण आमच्या घरच्या भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता. १४ एप्रिलला मिरवणूक जायची, ती आम्ही गॅलरीतून बघायचो आणि परत आत यायचो. शाळेत ते घटनेचे शिल्पकार या एका ओळीत संपायचे. ती ओळ पाठ करून आम्ही मार्क मिळवले, एवढीच आमची ओळख. बाकी सगळं मी गेल्या वर्षभरात, ट्रेनमध्ये, चरित्रं वाचून शिकले.

ते पहिल्यांदा परदेशी गेले १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तीन वर्षांत तिथलं शिक्षण करून १९१६ मध्ये लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी, अशा दोन्हीकडे एकदमच नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने एक सवलत दिली, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने निघाली होती, ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. म्हणजे मुंबईला उतरले तेव्हा हातात अर्धवट पदव्या, पुस्तकं समुद्राच्या तळाशी आणि चार वर्षांचं घड्याळ सुरू झालेलं.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरी करायची होती. ते गेले. कार्यालयात शिपाईसुद्धा फायली लांबून टाकायचे. गावात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. काही दिवसांतच ते मुंबईला परतले. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला माणूस डोळ्यांत पाणी घेऊन झाडाखाली बसला होता, हे वाचताना मी ट्रेनमधलं माझं स्टेशन चुकवलं.

मुंबईत मग जे मिळेल ते. शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, पण सल्ला देणारा कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली. शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा पगार म्हणजे मोठीच गोष्ट. सुरुवातीला या प्राध्यापकाकडून काय शिकायचं, असं म्हणणारे विद्यार्थी होते. पुढे त्यांचं शिकवणं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसू लागली. पण प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचं एक भांडं असायचं, आणि त्यातलं पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात मुलांनी टाळ्या वाजवाव्यात आणि बाहेर आल्यावर पाणी कुठलं प्यायचं हा प्रश्न पडावा, अशी ती नोकरी.

इथे मला माझ्या टेबलाची आठवण झाली, आणि लगेच लाजही वाटली. मला नोकरीत कंटाळा होता, अपमान नव्हता. मी बदल निवडला. त्यांच्यापुढे निवड फारशी नव्हतीच. तरीपण एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ४५० रुपयांवर ते आयुष्य काढू शकले असते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत मोठं कुटुंब राहत होतं, त्या कुटुंबाला तो पगार हवाच होता. पण त्यांनी घरखर्चाला बेताचे पैसे देऊन उरलेले साजरे केले नाहीत, साठवले. कारण ते घड्याळ चालूच होतं. शिवाय नोकरी सरकारी. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केलं, तर त्यावर संपादक म्हणून स्वतःचं नाव घालता आलं नाही. ज्याला आपल्या लोकांसाठी उघडपणे बोलायचंय आणि भांडायचंय, त्याला असा पेशा हवा होता की जो कुणाच्या मर्जीवर नाही. वकिली तशी होती. म्हणून अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बॅरिस्टर व्हायचं होतं.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांनी सिडनहॅमची नोकरी सोडली. त्याच महिन्यात माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांच्याकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. आणि नवा पुढारी काय करतो, तर जुलैमध्ये बोटीत बसून अभ्यासाला निघतो. आपल्याला कोणी पुढारी म्हटलं असतं तर आपण सत्कार घेत बसलो असतो. पैशांची जमवाजमव तीन ठिकाणांहून झाली. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत, आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज. वय २९, पदरी सात-आठ वर्षांचा मुलगा.

लंडनचे दिवस कसे काढले, ते वाचलं की आपल्या तक्रारी लहान होतात. भाड्याच्या खोलीत सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं कपभर गरम पेय. मग चालत ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय. दार उघडायच्या वेळी आत, बंद व्हायच्या वेळी बाहेर. दुपारच्या जेवणाला काट. नंतर इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, कधी विद्यापीठाचं. रात्री खोलीवर येऊन पुन्हा वाचन. फारच भूक लागली की मुंबईहून ओळखीच्या माणसाने बांधून दिलेले पापड भाजायचे. खोलीतला सोबती रात्री जागा झाला की हे वाचताना दिसायचे, आणि झोपा म्हणून त्याने सांगितलं तरी वाचतच राहायचे. माझ्या पिशवीतही सातारहून आलेले पापड असतात, पण ते मी वरण-भाताबरोबर खाते.

एक समज मला दूर करायचाय. मी समजत होते की असामान्य बुद्धीच्या माणसाला सगळं पहिल्या फटक्यात मिळतं. तसं झालं नाही. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली, हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या आणि मध्यवर्ती सरकारच्या पैशांच्या वाटणीवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. ग्रेज इनचा अभ्यास बाजूला चालूच. तिथली गंमत अशी की नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही, ठरावीक वेळा तिथल्या दालनात जेवायला हजर राहावं लागतं. उपाशीपोटी वाचनालयात बसणारा माणूस तिथे जेवणं मोजत होता. याच मुक्कामात ते बॅरिस्टर झाले. मग डी.एस्सी.साठी मोठा प्रबंध, रुपयाच्या प्रश्नावर. रुपयाची किंमत कशाशी बांधावी, सरकारच्या हाती नोटा-नाण्यांचा सैल लगाम राहिला तर महागाई होऊन गरिबाचं कसं नुकसान होतं, असा तो विषय. त्यात त्यांनी केन्ससारख्या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञाचं मत खोडून काढलं होतं आणि इंग्रज सरकारच्या चलन धोरणावरही बोट ठेवलं होतं.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध दिला आणि पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीत बॉनला गेले. मार्च १९२३ मध्ये लंडनहून बोलावणं आलं. प्रबंध परीक्षकांना पसंत पडला नव्हता. मांडणी बदलून परत द्या.

ही ओळ मी दोनदा वाचली. तीन वर्षं उपाशी राहून लिहिलेला प्रबंध परत आला होता. हातातले पैसे संपले होते. ज्यांच्या मदतीने आले होते ते शाहू महाराज १९२२ च्या मे महिन्यात वारले होते. लंडनमध्ये थांबून दुरुस्ती करण्याइतकी ऐपत उरली नव्हती. मग त्यांनी काय केलं? प्रबंध सामानात बांधला आणि एप्रिलमध्ये मुंबई गाठली. परळच्या चाळीत बसून मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि टपालाने लंडनला पाठवून दिला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. वर्षअखेरीस प्रबंध पुस्तकरूपाने आला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, तीही काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवून. दोन-तीन वर्षांनी सरकारने चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे याच विषयावर साक्ष द्यायला ते गेले.

पण पदवी मिळाली म्हणजे पेशा मिळाला असं होत नाही, हे उतारवयात शिकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. बॅरिस्टर आंबेडकरांकडे वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. ते परत भथेनांनीच दिले. १९२३ च्या जुलैत मुंबईत वकिली सुरू झाली. हायकोर्टात काम यायचं ते सॉलिसिटरांमार्फत, आणि ते या बॅरिस्टरकडे कागद द्यायला तयार नव्हते. मग खालच्या कोर्टांतली, जिल्ह्यातली लहानसहान कामं. घर चालावं म्हणून १९२५ पासून एका हिशेबशिक्षणाच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायची अर्धवेळ नोकरी. म्हणजे एवढं सगळं करून पुन्हा शिकवण्या. दहा वर्षांपूर्वी कोलंबियात असलेल्या या माणसाला असं कितीदा वाटलं असेल, की सिडनहॅमचे ४५० रुपये काय वाईट होते?

वाटलं असेलही. पण १९२६ मध्ये बागडे, जेधे, जवळकर यांच्यावर देशाचे दुश्मन या पुस्तकावरून झालेला खटला त्यांनी चालवला आणि जिंकला, तेव्हा बॅरिस्टर आंबेडकर हे नाव सगळीकडे झालं. १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं. तिथे पाणी पिण्याचा हक्क बजावला, तर तळं खाजगी आहे म्हणून विरोधकांनी कोर्टात दावा लावला. तो दावा दहा वर्षं चालला, आणि १९३७ मध्ये हायकोर्टाने तळ्यावर सगळ्यांचा हक्क मान्य केला. प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातलं पाणी ज्याला घेऊ देत नव्हते, त्याने वकील होऊन तळ्याचा निकाल घेतला. आणि १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. घटनेचं काम त्याच्याही पुढचं. त्या कामामागे किंग हेन्रीज रोडवरचा तो विद्यार्थी होता, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

आता रमाबाईंबद्दल. मी बाई आहे, घर सोडून कॉलेजला जाते, म्हणून मला त्यांचा विचार टाळता येत नाही. नवरा लंडनला, हातात बेताचे पैसे, चाळीच्या दोन खोल्या, घरात माणसं. पाच मुलं झाली, त्यातलं एकच, यशवंत, जगलं. १९३५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा नवऱ्याला मोठेपण आलं होतं, पण घटना व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. त्यांच्या नावाची निळी पाटी कुठे दिसत नाही. शिकणारा एक असतो, पण फी घरातले सगळे भरत असतात. माझ्या घरीही माझ्या फीचे हप्ते नुसते कर्जाचे नाहीत. नवऱ्याने दोन वर्षं मंगळवार-गुरुवार मित्रांबरोबरचं क्रिकेट सोडलंय. मुलगी अभ्यासात अडली की मला मेसेज करते आणि मी तिला रात्री उशिरा उत्तर देते. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या शनिवारी मुलीला घेऊन परतताना ट्रेनमध्ये तिला नापास झाल्याचं सांगितलं. चार दिवस लपवून ठेवलं होतं. ती म्हणाली की तिला माहीत होतं, कारण मी घरी आल्यावर पुस्तकं पिशवीतून काढत नव्हते. मग तिने विचारलं, परत परीक्षा कधी आहे? द्यायची की नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नाही.

त्या रात्री नवऱ्याशी बोलले. जेवणं झाल्यावर तासभर बसलो आणि पहिल्यांदाच त्याला विचारलं की हे अजून दोन वर्षं जमेल का? त्याने क्रिकेटचा एक दिवस परत मागितला. गुरुवार. मी दिला. गुरुवारचा वर्ग मी आता रेकॉर्डिंगवरून ऐकते.

मग उत्तरपत्रिकेवरचे शेरे नीट वाचले. आधी रागाने वाचलेच नव्हते. परीक्षकाने लिहिलं होतं की मला कायदा येतो, पण उत्तराची मांडणी कच्ची आहे. आधी प्रश्न काय ते ठरवून मग निवाडे लावावेत. मांडणी बदला, एवढंच. बाबासाहेबांना सांगितलं होतं तेच, हे म्हणायला मी काही धजणार नाही. कुठे रुपयाचा प्रश्न आणि कुठे माझा कराराचा पेपर. पण वही उघडायला तेवढं पुरलं. ऑगस्टच्या शेवटी फेरपरीक्षा दिली. ५२ मार्क मिळाले.

या सदराचे वाचक म्हणजे आपल्यासारखेच, घर सोडून आलेले लोक. आपल्यातले कितीतरी जण इथे येऊन मिळेल त्या कामाला लागले, डिग्री एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे. चाळिशीत मनात येतं की आता परत शिकावं, आणि लगेच येतं की आता काय उपयोग. त्यांना मी एवढंच सांगेन. पैशांचा हिशेब आधी कागदावर मांडा. मित्राकडे मागायला लाजू नका. बाबासाहेबांनी भथेनांकडे दोनदा मागितले. मुदत कधी संपते ते बघा आणि तारीख भिंतीवर लावा. आणि घरात जो तुमच्या वाटचं काम करतोय त्याच्याशी पहिल्या दिवशीच बोला, माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नका.

गेल्या महिन्यात आम्ही तिघंही किंग हेन्रीज रोडला जाऊन आलो, या वेळी आत जाऊन सगळं बघितलं. बाहेर पडताना मुलीने पाटीचा फोटो काढला आणि माझ्या आईला सातारला पाठवला. आईचा फोन आला. म्हणाली, आपल्या इथल्या शाळेत होते ते, तुझ्या आजोबांच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे ती शाळा. इतक्या वर्षांत हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं. डिसेंबरमध्ये जाणार आहोत, तेव्हा आईला घेऊन त्या शाळेसमोर जाऊन यायचं ठरलंय.